पाळी बघून ऑपरेशनची तारीख काढून देणारं ऑनलाइन पॅकेज: पाचपैकी दीड स्टार

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांना इथूनच परत फिरता येईल. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन पाळीच्या चक्रातल्या कुठल्या दिवशी करावं हे ‘पर्सनलाइज्ड’ काढून देतो म्हणणारं एक ऑनलाइन पॅकेज आम्ही २,९९९ रुपये भरून घेतलं. घेऊ नका. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण रिफंडचं भांडण अजून चालू आहे आणि उगाच लीगल नोटीस वगैरे नको, पण जाहिरात दिसली तर वर्णनावरून लगेच ओळखाल. खोटं बोलतात असंही नाही, म्हणजे तेच तर डोक्यात जातं, सांगतात ते खरंच आहे फक्त अर्धं सांगतात आणि उरलेलं अर्धं सांगितलं तर पॅकेजच विकलं जाणार नाही.

तर आमच्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो, वय बेचाळीस, पाळी अगदी घड्याळ लावल्यासारखी नियमित. गाठ लागली, मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी सगळं झालं, गाठ लहान होती म्हणून आधी केमो न देता थेट ऑपरेशन ठरलं, स्तन न काढता गाठ आणि काखेतल्या एक-दोन गाठी (म्हणजे लिम्फ नोड, कॅन्सर तिथे पोचलाय का ते बघायला) काढून तपासायच्या असं. इथे नाशिकमध्येच. तारीख मिळाली, आणि त्याच आठवड्यात आमच्या नणंदेला फोनवर ती जाहिरात दिसली, ‘चुकीच्या दिवशी ऑपरेशन? तुमचं सायकल विचारात घेतलं का डॉक्टरांनी?’ आता कॅन्सर झालेल्या बाईच्या घरात असलं वाक्य पडल्यावर कोण गप्प बसणार. नणंदेने पाठवलं, दिरांनी पैसे भरले, मी फॉर्म भरून दिला कारण घरात इंग्रजी फॉर्म भरायचं काम माझ्याकडेच असतं.

फॉर्म लांबलचक आहे पण ठीक आहे. मागच्या पाळ्यांच्या तारखा, किती दिवस ब्लीडिंग, गर्भनिरोधक गोळ्या घेता का, बायोप्सी रिपोर्टचा फोटो, ऑपरेशनची तारीख. व्हिडिओ कॉल वेळेवर आला, त्याचे मार्क देते. समोर डॉक्टर नव्हत्या, ‘हार्मोन कोच’ होत्या, बोलायला गोड, दर वाक्याला मॅम. ताईंनी विचारलं की गाठ हार्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोन्सवर वाढणारी) आहे त्याने काही फरक पडतो का, तर म्हणे रिपोर्टमध्ये सगळं डिटेलमध्ये येईल मॅम. रिपोर्टमध्ये त्यावर एक ओळ नव्हती.

रिपोर्ट म्हणजे गुलाबी पीडीएफ. पहिल्या पानावर ताईंचं नाव, त्याखाली अठ्ठावीस घरांची गोल चकती, काही घरं हिरवी, काही लाल. तिसऱ्या दिवसापासून बाराव्यापर्यंत सगळं लालभडक, आणि ताईंची तारीख बरोबर नवव्या दिवसावर, तिथे एक छोटा काळा बाण. खाली ठळक अक्षरात: तुमची सध्याची तारीख प्रतिकूल, सर्जनशी बोलून साधारण दोन आठवडे पुढे घ्या. अगदी लग्नाचा मुहूर्त काढून द्यावा तसं. सासूबाईंना तर वाचून दाखवायचा अवकाश, त्यांचं लगेच ठरलं, एवढे दिवस थांबलो तर अजून पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, चांगल्या दिवशीच करा. ताई काही बोलल्या नाहीत पण रात्री पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात फोनवर तीच चकती मोठी करून बघत बसल्या होत्या.

आता हे लाल दिवस आले कुठून. मी बायोलॉजीवालीच आहे, कॉलेजला लॅब असिस्टंट, त्यामुळे पीडीएफच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ‘लॅन्सेट १९९१’ (लॅन्सेट म्हणजे डॉक्टरांचं नावाजलेलं जर्नल) दिसल्यावर शोधाशोध केली. आणि गंमत म्हणजे त्या पेपरवर पहिलंच नाव आपल्या डॉ. राजेंद्र बडवेंचं, जे पुढे टाटा मेमोरियलचे डायरेक्टर झाले. तेव्हा ते लंडनला गाय्ज हॉस्पिटलच्या टीमबरोबर होते. तिथे १९७५ ते १९८५ मध्ये ऑपरेशन झालेल्या, पाळी चालू असलेल्या २४९ बायकांचे जुने रेकॉर्ड त्यांनी काढले आणि शेवटच्या पाळीपासून कितव्या दिवशी ऑपरेशन झालं ते बघितलं. तिसऱ्या ते बाराव्या दिवसात ज्यांचं झालं त्यांच्यातल्या ५४ टक्के दहा वर्षांनी जिवंत होत्या, बाकीच्या दिवसांत झालं त्यांच्यातल्या ८४ टक्के. केवढा फरक! वाचून माझ्याच पोटात गोळा आला, त्यामुळे घाबरणाऱ्यांना मी अजिबात नावं ठेवत नाही.

त्यामागचा तर्कही बिनडोक नाहीये. पाळीच्या पहिल्या अर्ध्या भागात इस्ट्रोजेन एकटंच चढत असतं, बीज सुटलं की दुसऱ्या अर्ध्यात प्रोजेस्टेरॉन येतं आणि त्याला आवर घालतं. गाठ हलवताना, कापताना काही पेशी सुटून रक्तात जाऊ शकतात. तर त्या घडीला शरीरात नुसतं इस्ट्रोजेन असेल तर त्या पेशींना कुठेतरी रुजायला सोपं जात असेल, आणि प्रोजेस्टेरॉन असेल तर अवघड, असा अंदाज होता. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमधूनही त्याच वर्षी २८३ बायकांचा अभ्यास आला, तोही पहिला अर्धा भाग वाईट म्हणणारा. मग १९९४ मध्ये मिलानहून वेरोनेसी या सर्जनचा, हजाराहून जास्त बायकांचा, काखेतल्या गाठींपर्यंत कॅन्सर गेलेल्यांना दुसऱ्या अर्ध्या भागात ऑपरेशन केलेलं बरं असं सांगणारा. इथपर्यंत पीडीएफवाले बरोबर. आणि इथेच त्यांनी पीडीएफ संपवलीय!

ताईंनी तो रिपोर्ट प्रिंट काढून सर्जनकडे नेला, मीही सोबत होते. मला वाटलं मॅडम चिडतील, म्हणतील गूगल कशाला करता. पण त्यांनी चकती बघितली आणि हसल्याच. म्हणाल्या, ‘‘अरे वा, हे गाय्जचं. आमच्या एमएसच्या वेळी यावर काय वाद व्हायचे.’’ मग कागद उलटा केला, बॉलपेनने एक आडवी रेघ मारली, त्यावर अठ्ठावीस बारीक खुणा केल्या. वरच्या बाजूला तीन ते बारा असा कंस केला आणि लिहिलं ‘वाईट’. मग खालच्या बाजूला सात ते वीस असा दुसरा कंस केला आणि लिहिलं ‘चांगले’.

‘‘हा खालचा ह्रुशेस्कींचा, १९८९ चा, तोही लॅन्सेटमध्येच. अमेरिकेतला. फक्त चव्वेचाळीस पेशंट. त्यांच्या मते पाळीच्या आसपास केलेलं ऑपरेशन वाईट आणि मधले दिवस चांगले. आता ताई, तुम्हीच सांगा, तुमचा नववा दिवस चांगला की वाईट?’’

ताई कागदाकडे बघत राहिल्या. नववा दिवस दोन्ही कंसांत होता. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवा.

मला खरं तर तिथेच त्या कोचबाईंना फोन लावावासा वाटला. कारण सगळा विषय सुरू झाला तोच मुळी ह्रुशेस्कींच्या पेपरवरून, त्याच्याही आधी उंदरांवर प्रयोग झाले होते, आणि त्याचे दिवस आणि गाय्जचे दिवस एकमेकांवर चढतात आणि उलटं सांगतात. डेन्मार्कमधून तर १९९४ मध्येच दीड हजारावर बायकांचा अभ्यास आला की फरकच पडत नाही. हे सगळे मागे वळून बघितलेले रेकॉर्ड होते, मॅडम म्हणाल्या, पाळीची तारीख जुन्या केसपेपरवर कुणीतरी विचारून लिहिलेली, बायकांनाही नीट आठवत असेलच असं नाही, आणि ‘चांगले दिवस’ कुठून कुठपर्यंत धरायचे ते ज्याने त्याने आपापलं ठरवलेलं. रेघ जरा इकडेतिकडे सरकवली की उत्तर बदलतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते पीडीएफमध्ये असायला हवं होतं असं मला फार वाटतं. एवढा गोंधळ झाल्यावर लोकांनी नीट पुढे बघून अभ्यास केले, म्हणजे आधी बायकांची नोंद करायची, ऑपरेशनच्या वेळी रक्त घेऊन हार्मोन्स मोजायचे आणि मग वर्षानुवर्षं मागोवा घ्यायचा. ब्रिटनमधला ४१२ बायकांचा, २००८ मध्ये आला, तीन वर्षांच्या मागोव्यात काही फरक नाही. अमेरिकेतला २००९ चा त्याहून मोठा, ८३४ बायका, पाच वर्षं कॅन्सर परत न येता राहिलेल्या पहिल्या अर्ध्यातल्या ८२.७ टक्के, दुसऱ्या अर्ध्यातल्या ८२.१. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. म्हणून आज सर्जन पाळी बघून तारीख देत नाहीत. ‘विचारात घेतलं का डॉक्टरांनी’ या जाहिरातीतल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे की हो, घेतलं, वीस वर्षं घेतलं, आणि मग सोडून दिलं.

पॅकेज विकणाऱ्यांना २००९ माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. १९९१ चा पेपर ज्याला सापडतो त्याला त्याच्या खालीच हे सगळे सापडतात, मला एका संध्याकाळी सापडले.

आणि पुढे ढकलण्यात काय जातं हे पण कुठेच लिहिलेलं नाही. दोन आठवडे म्हणजे कागदावर दोन आठवडे. इथे ओटीची लिस्ट आधीच भरलेली, एक तारीख सोडली की पुढची कधी ते देवालाच माहीत, कॅशलेसचं अप्रूव्हल परत टाका, दिरांची रजा परत, आणि पुढच्या वेळी पाळी चार दिवस मागेपुढे झाली तर? टेन्शनमध्ये पाळी हलतेच ना. २०२० मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, त्यात ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो असं दिसलं, ब्रेस्ट कॅन्सर त्यात होताच. आठ-दहा दिवसांनी लगेच काही होत नाही, मॅडमनीही घाबरवलं नाही, पण म्हणाल्या की ज्या कारणाने फायदा होत नाही असं दिसलंय त्या कारणासाठी एक दिवस तरी का घालवायचा. शिवाय आपल्याकडच्या कितीतरी बायकांना आधी केमो चालू होते, त्यात बऱ्याचदा पाळीच बंद पडते, मग त्यांच्यासाठी ही चकती काय दाखवणार? फॉर्ममध्ये तो पर्याय होता का ते नंतर मुद्दाम जाऊन बघितलं. नाही.

एक गोष्ट इथे मध्येच सांगते कारण वॉर्डात तीच चर्चा होती. शेजारच्या कॉटवरच्या बाईंना ऑपरेशनच्या सकाळीच पाळी आली आणि त्या रडायला लागल्या की आता डॉक्टर परत पाठवणार. सिस्टर म्हणाल्या, ‘‘कशाला पाठवतील मावशी, पॅड लावा आणि भूलवाल्या सरांना सांगून ठेवा, बास.’’ टॅम्पॉन किंवा कप वापरणाऱ्यांनी त्या दिवशी साधं पॅडच लावायचं एवढंच. पाळी चालू आहे म्हणून ब्रेस्टचं ऑपरेशन अडत नाही. हे फुकटात सांगितलं सिस्टरनी, तेही बीपीचा पट्टा बांधता बांधता.

आता मला या सगळ्यात सगळ्यात भारी काय वाटलं ते सांगते. बडवे सरांनी तो विषय चकतीवर सोडला नाही. दिवस बघत बसण्यापेक्षा प्रोजेस्टेरॉनच बाहेरून देऊन बघू म्हणून टाटाच्या टीमने हजार बायकांवर ट्रायल केली, अर्ध्या जणींना ऑपरेशनच्या पाच ते चौदा दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचं एक इंजेक्शन, अर्ध्या जणींना नाही. २०११ मध्ये निकाल आला. सगळ्या मिळून बघितलं तर ठाम फरक नाही. ज्यांच्या काखेतल्या गाठींत कॅन्सर पोचला होता त्यांच्यात मात्र पाच वर्षं आजार न उलटता राहिलेल्या ६५.३ टक्के विरुद्ध ५४.७ दिसल्या. पण तो एका गटातला आकडा, त्यावरून सगळीकडे सरसकट इंजेक्शन सुरू झालं असं काही नाही. पीडीएफमध्ये या ट्रायलचं नावही नाही, जेव्हा की त्यांचा अख्खा धंदा त्याच माणसाच्या १९९१ च्या पेपरवर चाललाय!

आणि त्यानंतर आलं ते लिग्नोकेन. तेच, दात काढताना हिरडीत टोचतात ते. विचार तोच जुना, की ऑपरेशनच्या त्या घडीला गाठीतल्या पेशींना पळू द्यायचं नाही. चाकू लावायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या चहूबाजूंनी अर्धा टक्का लिग्नोकेन टोचायचं, बाकी ऑपरेशन नेहमीचंच. भारतातल्या अकरा सेंटर्समध्ये मिळून जवळपास सोळाशे बायका. २०२३ ला छापून आलं: सहा वर्षांनी आजार न उलटलेल्या ८६.६ टक्के विरुद्ध ८२.६, आणि जिवंत असलेल्या ९०.१ विरुद्ध ८६.४. चार टक्के म्हणजे थोडे वाटतील, पण औषध किती स्वस्त आहे बघा, आणि कुठली तारीख बदलायची नाही की काही नाही. ही ट्रायल केमो न घेता थेट ऑपरेशन होणाऱ्यांवर होती, म्हणजे ताईंसारख्यांवर. त्यामुळे मी त्याच भेटीत मॅडमना विचारलं, तुम्ही देता का हो ते इंजेक्शन? म्हणाल्या, देतो, आता रूटीनच केलंय आम्ही. सगळीकडे देत असतीलच असं नाही, म्हणून ज्यांचं ऑपरेशन ठरलंय त्यांनी पाळीचा दिवस मोजण्यापेक्षा हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

पॅकेजमधलं चांगलं काय तेही लिहायला हवं, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. शेवटून दुसऱ्या पानावर एक चौकट आहे, त्यात लिहिलंय की ब्रेस्टचा एमआरआय करायचा असेल आणि घाई नसेल तर पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसात करा. हे बरोबर आहे, मॅडमनीही मान डोलावली. दुसऱ्या अर्ध्या भागात हार्मोन्समुळे नॉर्मल भागही चमकतो आणि खरी गाठ कुठली, चमक कुठली ते कळायला त्रास होतो. मॅमोग्राफीलाही पाळी झाल्यानंतरच्या आठवड्यात गेलं तर दुखतं कमी. म्हणजे पाळीचं चक्र तपासणीच्या वेळी उपयोगी पडतं. अर्धा स्टार या चौकटीचा. एक स्टार वेळेवर कॉल आला त्याचा आणि डेटा डिलीट करा म्हटल्यावर खरंच केला त्याचा. बाकी अॅप म्हणून पाळीची नोंद ठेवायला ठीक आहे पण ते फुकटातली दहा अॅप्सही करतात.

कस्टमर केअरबद्दल थोडक्यात. चॅटवर लिहिलं की तुमच्या रिपोर्टमध्ये १९९४ नंतरचं काहीच नाही, आणि डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने कॅन्सरचं ऑपरेशन पुढे ढकला असं लेखी दिलंय, पैसे परत द्या. उत्तर आलं, ‘हाय डिअर, आम्ही तुमची काळजी समजू शकतो,’ पुढे एक गुलाबी हार्ट, आणि पॉलिसीप्रमाणे रिपोर्ट जनरेट झाल्यावर रिफंड नाही. मी परत लिहिलं की तो सल्ला कुठल्या डॉक्टरच्या सहीने दिला ते कळवा, नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर. त्यानंतर हार्ट यायचे बंद झाले. आता चॅट ‘सीनियर टीम’कडे गेलंय म्हणे.

ज्यांना खरंच दुसरं मत हवंय, आणि हवं असणं अगदी रास्त आहे, त्यांनी निदान कॅन्सरच्या डॉक्टरांचंच घ्या. टाटा मेमोरियलशी जोडलेली ‘नव्या’ नावाची ऑनलाइन ओपिनियन सेवा आहे, रिपोर्ट पाठवून मत मागवता येतं, आम्हाला लागली नाही म्हणून तिचा रिव्ह्यू मी देऊ शकत नाही. आणि कुठल्याही पॅकेजला पैसे भरायच्या आधी एकच विचारा, सही कोणाची असणार? उत्तरात कोच, एक्स्पर्ट पॅनेल, एआय असलं काही आलं तर यूपीआय उघडूच नका.

ताईंचं ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं, नवव्या दिवशी. काखेतल्या गाठी क्लिअर आल्या, रेडिएशन सुरू आहे, गोळ्या सुरू होतील. यावरून नववा दिवस चांगला असा अर्थ कुणी काढू नका, एका बाईवरून काही कळत नसतं. सासूबाई मात्र शेजारणीला सांगत होत्याच की आमच्या सुनेने तारीख बदलू दिली नाही. रिफंडचं तिकीट ‘अंडर रिव्ह्यू’ दाखवतंय, पैसे आले तर इथेच एडिट करून लिहीन, पण स्टार दीडच राहणार.